विकणारा चित्रात नसतो

कसबा बावड्यातल्या लक्ष्मी विलास राजवाड्यात २६ जून १८७४ रोजी कागलकर घाटग्यांच्या घरी यशवंतराव जन्मले. त्या वेळी अमेरिकन मिशनऱ्यांना कोल्हापुरात येऊन बावीस वर्षं झाली होती. रॉयल वायल्डर हे पाद्री १८५२ मध्ये इथे आले, त्यांनी शाळा काढल्या, गावाचा रोष सोसला आणि १८७० मध्ये आपलं काम प्रेस्बिटेरियन मिशनला जोडून दिलं. त्यांचा मुलगा रॉबर्ट १८६३ मध्ये याच गावात जन्मला आणि पुढे अमेरिकेतल्या कॉलेजविद्यार्थ्यांना परदेशी मिशनकार्याकडे वळवणाऱ्या मोठ्या चळवळीचा म्होरक्या झाला. घाटग्यांचे यशवंतराव १८८४ मध्ये दत्तक गेले आणि शाहू छत्रपती झाले.

पाद्र्यांचा मार्ग वेगळा, राजाचा वेगळा. तरी दोघांच्या वाटेत एक प्रश्न आडवा आलाच: माणसाची, त्यातही मुलीची, विक्री. कधी ती उघड बाजारात व्हायची, कधी दुष्काळात मूठभर धान्यावर, तर कधी देवीच्या नावाने हळद लावून. मिशनने या प्रश्नावर चित्रं, गोष्टी आणि छायाचित्रं लावली. राजाने कायदा लावला. मधल्या पन्नास वर्षांत एका मराठी पुराणिकाच्या मुलीने दोन्ही हत्यारं एकत्र वापरून पाहिली.

मिशनऱ्यांच्या सामानात पुस्तकांबरोबर चित्रं असतच. रविवारच्या शाळेत बायबलातल्या प्रसंगांचे रंगीत पट भिंतीला टांगले जात. दौऱ्यावर रात्री पांढरं कापड ताणून जादूच्या कंदिलाचा खेळ होई. कल्याणचे महादेव पटवर्धन १८९२ पासून आपल्या ‘शांबरिक खरोलिके’वर रामायण-महाभारत दाखवत होते, त्यामुळे अंधारात उजळलेल्या चित्रासमोर बसायची सवय मराठी माणसाला लागत चालली होती. या बायबल-चित्रांत रविवारच्या शाळांचं एक लाडकं चित्र होतं, नामानाच्या घरातल्या छोट्या दासीचं.

गोष्ट ‘राजे’ या दुसऱ्या ग्रंथातली. अरामी टोळ्यांनी इस्राएलातून धरून आणलेली एक लहान मुलगी सेनापती नामानाच्या बायकोची चाकरी करते. नामानाला कोड फुटलंय. मुलगी मालकिणीला सुचवते की शोमरोनातल्या संदेष्ट्याकडे धनी गेले तर बरे होतील. धनी जातात, यार्देनेत सात वेळा बुडी मारतात आणि बरे होतात. शाळेतले गुरुजी या गोष्टीतून मुलीची श्रद्धा शिकवायचे, तिचा गोडवा शिकवायचे. तिला कोणी पळवलं, तिची आई कुठे राहिली, धनी बरा झाल्यावर तिला घरी सोडलं का, हे कोणी विचारत नसे, आणि बायबलही त्याबद्दल गप्प आहे. पळवलेल्या मुलीचं चित्र आदर्श नोकराणीचं चित्र म्हणून जगभर गेलं.

प्रेषितांच्या कृत्यांत याहून बोचरा प्रसंग आहे. फिलिप्पै शहरात एका दासीच्या अंगात येत असे. ती भविष्य सांगे आणि तिच्या धन्यांना त्यातून भरपूर मिळकत होई. पौलाने तिच्या अंगातला आत्मा काढला तेव्हा धन्यांना तिच्या बरं होण्याचा आनंद झाला नाही. कमाई बुडाली म्हणून त्यांनी पौल आणि सीला यांना चौकात ओढत नेलं, फटके देववले, तुरुंगात टाकलं. अंगात येणं, लोकांनी पाया पडणं आणि पैसा तिसऱ्याच्याच खिशात जाणं: सौंदत्तीच्या यल्लमाच्या वाटेवरच्या कोणत्याही जोगतिणीला, म्हणजे देवीला वाहिलेल्या बाईला, ही गोष्ट फोड करून सांगावी लागली नसती. पण चित्रकारांना त्या प्रसंगातला तुरुंग आवडला, भूकंपाने उघडलेली दारं आवडली. दासी बहुतेक वेळा चौकटीबाहेर राहिली.

ख्रिस्ती कलेत हे दुखणं जुनंच आहे. रोममध्ये सान तोमासो इन फोर्मिस या चर्चच्या दारावर साधारण १२१० मधलं एक मोझेक आहे. सिंहासनावर ख्रिस्त, एका बाजूला गोरा बंदी, दुसऱ्या बाजूला काळा. दोघांचीही मनगटं ख्रिस्ताने धरली आहेत. बंदिवान पैसे भरून सोडवून आणण्यासाठी ११९८ मध्ये स्थापन झालेल्या ट्रिनिटेरियन संघाची ती खूण. पुढे १७८७ मध्ये इंग्लंडात जोसाया वेजवुडने गुलामगिरीविरुद्धच्या समितीसाठी मातीचं पदक घडवलं. त्यावर साखळदंडातला आफ्रिकी माणूस गुडघे टेकून विचारतो आहे की मी माणूस नाही का, तुमचा भाऊ नाही का. बायकांनी ते पदक हातातल्या कड्यात बसवलं, केसांच्या काट्यांवर मिरवलं. करुणेची अशी फॅशन त्याआधी झाली नसेल. या दोन्ही कलाकृती सुंदर आहेत, आणि दोन्हींत बेड्या घालणारा गायब आहे.

उलट १७८८-८९ मध्ये त्याच चळवळीने ‘ब्रूक्स’ या गुलामवाहू जहाजाचा आराखडा छापला. त्यात भावना अशी नव्हतीच. चारशेहून जास्त माणसं फळकुटांवर कशी खेटून निजवायची, याचा सुताराने काढावा तसा नकाशा होता. हे चित्र दारू-दुकानांच्या भिंतींवर लागलं, खासदारांच्या हातात गेलं. ब्रिटनचा गुलामव्यापार १८०७ मध्ये कायद्याने बंद झाला त्यामागे बरीच कारणं आहेत, पण व्यापाराची जुळणी उघडी पाडणारं चित्र म्हणून ब्रूक्सच्या आराखड्याला तोड नाही.

आपल्याकडे बाजार उघडाच होता. डच माणूस लिन्शोटेन १५८३ ते १५८८ गोव्यात आर्चबिशपच्या नोकरीत होता. त्याच्या १५९६ च्या प्रवासवर्णनात गोव्याच्या हमरस्त्यावरच्या बाजाराचं कोरीव चित्र आहे. छत्र्यांखालचे साहेब, घोडे, माल आणि त्या गर्दीत लिलावाला उभी केलेली माणसं. आजूबाजूला चर्चं उभी राहत होती, हस्तिदंतात बाळयेशू कोरले जात होते आणि ख्रिस्ती घरांत विकत घेतलेले गुलाम राबत होते. फादर थॉमस स्टीफन्स याच गोव्यात ‘ख्रिस्तपुराण’ रचत होते. १६१६ मध्ये छापलेला तो ग्रंथ मराठीचं वैभव आहे. तो ज्या रस्त्यांवरून वाहिला गेला, त्या रस्त्यांवर माणसांचा लिलाव होत होता.

पेशवाईनेही मान वर करायचं कारण नाही. कुणबिणी आणि बटकी विकत घेतल्या जात, आंदण दिल्या जात, सरकारी कोठीत कामाला लावल्या जात. कंपनी सरकारने १८४३ च्या कायद्याने भारतात गुलामीची कायदेशीर मान्यता काढून घेतली. त्यानंतर बाजार मिटला नाही, पडद्याआड गेला.

तो पडदा मराठी मुलुखात सगळ्यांत जोरात ओढला तो पंडिता रमाबाईंनी.

अनंतशास्त्री डोंगरे यांच्या या मुलीचं बालपण तीर्थक्षेत्रांच्या वाटेवर पुराण सांगत गेलं. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आई, वडील, बहीण अशी माणसं तिच्या डोळ्यांदेखत गेली. ती आणि भाऊ श्रीनिवास भुकेले, अनवाणी देशभर फिरले. भूक माणसाला कुठवर नेते हे तिला पुस्तकातून शिकायची गरज नव्हती. कोलकात्याच्या पंडितांनी १८७८ मध्ये तिला ‘सरस्वती’ म्हटलं. भाऊ गेला, लग्न झालं, १८८२ मध्ये नवराही गेला. १८८३ मध्ये ती इंग्लंडला पोहोचली.

तिथे वाँटेजच्या ख्रिस्ती भगिनींनी तिला लंडनमधल्या फुलहॅम भागातलं आपलं एक घर दाखवलं. ज्यांना समाज ‘पतित’ म्हणत होता अशा बायका तिथे नव्याने उभ्या राहत होत्या. यांची काळजी तुम्हाला का वाटते, असं रमाबाईंनी एका भगिनीला विचारलं. उत्तरादाखल तिने योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली: याकोबाच्या विहिरीवर भर दुपारी एकटी आलेली, पाच नवरे केलेली बाई आणि तिच्याकडे पाणी मागणारा येशू. आपल्या मनाला वळण लावणारा क्षण म्हणून रमाबाईंनी १९०७ च्या आत्मनिवेदनात हा प्रसंग सांगितला आहे. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. विहिरीवरची शोमरोनी बाई युरोपातल्या थोर चित्रकारांनी शतकानुशतकं रंगवली. रमाबाईंच्या आयुष्यात ती कथेच्या रूपाने आली. पुराणिकाच्या मुलीला कथाच लागू पडावी, यात नवल नाही.

मुंबईत ११ मार्च १८८९ रोजी रमाबाईंचं विधवांसाठीचं शारदा सदन सुरू झालं, पुढच्या वर्षी ते पुण्यात गेलं. तिथे धर्मांतरावरून उठलेल्या वादळावर भरपूर लिहिलं गेलंय, ते इथे उगाळायला नको. या लेखाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे १८९६-९७ चा दुष्काळ. रमाबाई स्वतः मध्य प्रांतात गेल्या, मदतकेंद्रं आणि सरकारी अनाथगृहं हिंडल्या आणि मुली गोळा करून परत आल्या. त्यांनी जे लिहिलं त्यात भुकेने सुकलेल्या शरीरांची वर्णनं आहेतच. त्यापलीकडे मुली हेरत फिरणारे पुरुष आहेत, त्यांच्यासाठी काम करणाऱ्या बायका आहेत, मदतकेंद्रांतले मुकादम आहेत, पहारेकरी आहेत. ज्यांच्या हाती धान्याचं माप होतं, त्यांच्याच हाती तरुण बायकांची अब्रू होती, हे त्यांनी आडपडदा न ठेवता मांडलं. त्या काळच्या बहुतेक मिशन-लेखनात अनाथ पोर दिसते आणि तिचा उद्धार करणारा दिसतो. रमाबाईंच्या लेखनात गिऱ्हाइकं आणि दलालही दिसतात.

मग पुण्यात प्लेग आला. मुलींना शहरात ठेवणं अवघड झालं आणि केडगावच्या माळावर तंबू उभे राहिले. त्याच धामधुमीत शारदा सदनातली एक मुलगी प्लेगच्या दवाखान्यात नेली गेली ती परत आलीच नाही. रमाबाईंनी मे १८९७ मध्ये ‘बॉम्बे गार्डियन’ या पत्रातून सरकारी बंदोबस्तावर जाहीर आरोप केला: पहाऱ्यावरच्या माणसांच्या हाती मुली सुरक्षित नाहीत. गव्हर्नर सँडहर्स्ट यांनी तो फेटाळला. प्रकरण थेट ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत गेलं. ज्या पुण्याने त्यांना धर्मांतरामुळे परकं ठरवलं होतं, त्या पुण्यात सरकारशी असं भांडायची छाती त्या वर्षी फार थोड्यांनी दाखवली.

‘बॉम्बे गार्डियन’चे संपादक आल्फ्रेड डायर हे क्वेकर पंथाचे. मुंबईला येण्याआधी १८८० मध्ये त्यांनी लंडनहून बेल्जियमच्या कुंटणखान्यांत नेल्या जाणाऱ्या इंग्रज मुलींच्या व्यापारावर पुस्तिका काढून खळबळ उडवून दिली होती. भारतात आल्यावर लष्करी छावण्यांतल्या सरकारमान्य वेश्याव्यवसायावर त्यांनी लेखणी चालवली. त्यांच्या पत्नी हेलन डायर यांनी १९०० मध्ये रमाबाईंचं चरित्र लिहिलं. म्हणजे लंडन, ब्रसेल्स, मुंबई आणि केडगाव यांना जोडणारी एक तार होती, आणि मुलींची खरेदी-विक्री हा त्या तारेवरचा मुख्य निरोप होता. रमाबाई एकट्या माळावर बसून दयेचं काम करत होत्या, हे चित्र पुरतं खरं नाही.

केडगावची छायाचित्रं मात्र वेगळ्या वाटेने गेली. गुजरातच्या १९०० च्या दुष्काळानंतर तिथल्या मुक्ती सदनातल्या बायका-मुलींची संख्या दोन हजारांच्या घरात पोहोचली. इतक्या तोंडांचं पोट भरायचं तर परदेशातून पैसा हवा, आणि परदेशी दात्याला चित्र हवं. न्यूयॉर्कचं ‘ख्रिश्चन हेरल्ड’ हे साप्ताहिक हिंदुस्थानातल्या दुष्काळासाठी मोठ्या वर्गण्या जमवत होतं. १९०० मध्ये त्यांनी ‘क्विटो’ या जहाजातून मका पाठवला. हाडांचा सापळा झालेल्या मुलांच्या फोटोंचा या मदतीत मोठा वाटा होता. इंग्लंडात डॉ. बर्नार्डो यांनी आपल्या अनाथाश्रमातल्या मुलांचे ‘आधी’ आणि ‘नंतर’ असे फोटो विकून निधी उभारला होता. ते फोटो मुद्दाम फाटके कपडे घालून काढले जात, असा ठपका १८७७ च्या लवादाने त्यांच्यावर ठेवला. तरी ती तऱ्हा जगभरच्या मदतसंस्थांनी उचलली आणि अजून सोडलेली नाही.

फोटोत मुलगी येते, कारण ती आश्रमात आहे आणि तिला बसवता येतं. तिला विकणारा पानाच्या ठेल्यावर उभा असतो, फोटोग्राफरची वाट बघत नाही. ही अडचण खरीच. पण परिणाम असा झाला की पाहणाऱ्याच्या मनात व्यापाराऐवजी दुष्काळ राहिला आणि गुन्ह्याऐवजी दैव राहिलं.

तमिळ मुलखात एमी कार्मायकल यांना हीच अडचण उलट बाजूने भेटली. देवळाला वाहिलेली एक मुलगी पळून १९०१ मध्ये त्यांच्या आसऱ्याला आली आणि पुढे डोणावूरमध्ये अशा मुलींसाठी घर उभं राहिलं. त्यांचं १९०३ चं पुस्तक इतकं कडवट होतं की इंग्लंडमधल्या लोकांना ते पचेना. १९०९ मध्ये त्यांनी बाळसेदार, हसऱ्या मुलींच्या सुरेख छायाचित्रांचं पुस्तक काढलं आणि ते घरोघरी गेलं. लोकांना सोडवलेलं मूल बघायला आवडतं. सोडवायची वेळ का आली हे वाचायला तितकंसं आवडत नाही.

रमाबाईंनी केडगावात छापखाना घातला, हे या संदर्भात फोटोंपेक्षा मोठं वाटतं. दुष्काळातून आलेल्या मुली खिळे जुळवायला शिकल्या, बांधणी शिकल्या. अंध मुली ब्रेल वाचू लागल्या. ‘कृपासदन’ या वेगळ्या घरात शरीरविक्रयातून आलेल्या बायकांची सोय झाली. रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलेलं बायबलचं भाषांतर याच छापखान्यात मुलींच्या हातून छापलं गेलं. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या वारल्या. ग्रंथ १९२४ मध्ये पूर्ण छापून बाहेर पडला. नामानाच्या दासीची गोष्ट त्या पानांवर आहेच. ती जुळवणाऱ्या हातांना पळवलं जाणं म्हणजे काय हे कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

ज्यांना चित्रातच ठेवलं होतं त्या स्वतः बोलू लागल्या, तेही याच सुमारास. पुण्यात शिवराम जानबा कांबळे ‘सोमवंशीय मित्र’ हे मासिक चालवत. मुरळी सोडण्याच्या चालीविरुद्ध त्यांनी लिहिलं तेव्हा शिवूबाई नावाच्या मुरळीने त्यांना पत्र पाठवलं. आई-बापच मुलीला या मार्गाला लावतात हे तिने लिहिलं, आणि लग्न करून संसार करायची तयारी दाखवली. कांबळे यांच्याच एका सहकाऱ्याने तिच्याशी लग्न केलं. पत्रात मूर्ती नव्हती, पदक नव्हतं, करुण चेहरा नव्हता. विकणारा मात्र होता, आणि तो घरातलाच होता.

घरातला विकणारा ख्रिस्ती चित्रांत अगदीच नाही असं नाही. उत्पत्तीच्या पुस्तकातल्या योसेफाला त्याचे सावत्र भाऊ खड्ड्यात टाकतात आणि मिसरला निघालेल्या व्यापाऱ्यांना चांदीच्या वीस नाण्यांना विकतात. हा प्रसंग रंगवताना भाऊ टाळताच येत नाहीत. कोणी नाणी मोजतोय, कोणी तोंड फिरवलंय, कोणी आधीच रक्ताने भिजवायला अंगरखा हातात घेतलाय. मानवी व्यापारावर शिकवायला बायबलमध्ये इतकं पुरं चित्र दुसरं नाही: सावज, विकणारे, दलाल, भाव, वाहतूक आणि घरी सांगायची खोटी गोष्ट, सगळं एका चौकटीत.

कोल्हापूरच्या प्रेक्षकानेही असा बाजार पाहिला होता. प्रभात कंपनीचा ‘अयोध्येचा राजा’ हा १९३२ चा बोलपट इथेच तयार झाला. गोविंदराव टेंबे हरिश्चंद्र, दुर्गा खोटे तारामती. काशीच्या बाजारात राणी विकली जाते तेव्हा थिएटरात हुंदके फुटत. नवऱ्याला बायको विकायचा हक्क कुठून आला, हा सवाल मात्र त्या हुंदक्यांत बुडून जाई. हरिश्चंद्र सत्यवचनी ठरतो. योसेफाचे भाऊ निदान लाजतात तरी.

शाहू महाराजांनी हुंदक्यांच्या वाटेने जायचं टाळलं. त्यांनी वारसाहक्काला हात घातला. मुलगा नसलेल्या घरात मुलगी यल्लमाला सोडायची, म्हणजे ती लग्न करून परघरी जात नाही, म्हाताऱ्या आई-बापांना पोसते, घर चालू राहतं. भक्तीच्या आत हा हिशेब होता. जानेवारी १९२० मध्ये करवीर दरबाराने अनौरस संतती आणि जोगतिणी यांच्या वारसाहक्काविषयी कायदा केला आणि मुलगी देवाला सोडण्याच्या चालीला आळा घालू पाहिला. त्याआधी १९१७ मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा आणि विधवाविवाहाचा कायदा झाला होता, १९१९ मध्ये बायकांच्या छळाविरुद्धचा. वेठही त्याच सुमारास बंद करण्यात आली. राज्यघटनेच्या २३ व्या अनुच्छेदाने पुढे माणसांचा व्यापार आणि वेठबिगार यांना एकाच वाक्यात मनाई केली. कोल्हापूर संस्थानाने ते दोन्ही तीस वर्षं आधी एका हिशेबात धरलं होतं.

कायद्याने प्रथा संपली असं म्हणणं मात्र भाबडेपणाचं होईल. मुंबई इलाख्याचा देवदासी संरक्षण कायदा १९३४ मध्ये आला. त्याने समर्पणाचा विधी करणाऱ्यांना, त्याला मुभा देणाऱ्यांना आणि त्यात भाग घेणाऱ्यांना गुन्हेगार ठरवलं. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झालं. तरी १९७५ मध्ये गडहिंग्लजला देवदासींची परिषद भरवावी लागली. याच पट्ट्यातल्या राजन गवस यांनी ‘चौंडकं’ आणि ‘भंडारभोग’ लिहिलं, त्यावरून २००९ मध्ये ‘जोगवा’ हा चित्रपट आला. महाराष्ट्राने देवदासी प्रथा निर्मूलनाचा नवा कायदा २००५ मध्ये केला. गवसांच्या कादंबऱ्यांत केसांतली जट देवीची खूण म्हणून दाखवून मुलगी सोडायला लावणारे आहेत, भाऊबंद आहेत, गावचे पुढारी आहेत. चर्चच्या भिंतींवर जे दिसायला हवं होतं ते इथे कादंबरीत दिसलं.

सोडवणाऱ्यांच्या चित्रालाही या भागातूनच आव्हान मिळालं. सांगलीच्या गोकुळनगरात २००५ मध्ये एका अमेरिकन ख्रिस्ती संस्थेच्या पुढाकाराने पोलिसांनी छापा घातला. तिथल्या शरीरविक्रय करणाऱ्या बायकांच्या ‘व्हॅम्प’ या संघटनेने त्यावर जाहीर हरकत घेतली. सज्ञान बाईला तिच्या मर्जीविरुद्ध ‘सोडवणं’ हीसुद्धा जबरदस्तीच, अशी त्यांची बाजू होती. मुलीला विकणं आणि बाईने धंदा करणं यांत फरक आहे, हे त्या ठणकावून सांगतात. याच बायकांनी सुषमा देशपांडे यांच्या मार्गदर्शनाखाली स्वतःच्या आयुष्यावर नाटक उभं केलं आणि ठिकठिकाणी केलं. त्यात घरवाली आहे, मालक आहे, त्या मालकाची घरची बायकोही आहे. ज्यांच्यावर चित्रं काढली जातात त्यांनी चित्र काढायला घेतलं की चौकट अशी भरते.

जागतिक चर्चनेही अलीकडे एक चेहरा पुढे आणलाय. सुदानच्या दारफूरमधली बाखिता लहानपणी पळवली गेली, अनेकदा विकली गेली आणि अखेर इटलीला पोहोचली. मालकीण तिला परत न्यायला आली तेव्हा तिने जायला नकार दिला. १८८९ मध्ये, म्हणजे मुंबईत शारदा सदन उघडलं त्याच वर्षी, इटालियन न्यायालयाने ती स्वतंत्र असल्याचं सांगितलं. ती नन झाली, १९४७ मध्ये वारली, २००० मध्ये संत ठरली. ८ फेब्रुवारी हा तिचा स्मृतिदिन २०१५ पासून मानवी व्यापाराविरुद्धच्या प्रार्थनेचा दिवस म्हणून पाळला जातो. कॅनडाचे शिल्पकार टिमथी श्माल्झ यांनी घडवलेल्या शिल्पात ती जमिनीतलं झाकण उचलते आणि आतून माणसांचा लोंढा वर येतो. शिल्प दणदणीत आहे. झाकण कोणी लावलं होतं ते तिथेही नाही.

८ फेब्रुवारीला किंवा ३० जुलैच्या मानवी व्यापारविरोधी दिनाला कोल्हापूर-सांगलीतल्या ख्रिस्ती मंडळ्यांतली तरुण मुलं पोस्टर काढतील, पथनाट्य बसवतील, तेव्हा त्यांनी साखळदंड आणि डोळ्यांतलं पाणी एकदा बाजूला ठेवून पाहावं. या भागात मुलगी बेड्या घालून नेली जात नाही. लग्नाचं स्थळ आणणारा मध्यस्थ, मुंबईत ब्युटी पार्लरमध्ये नोकरी लावतो म्हणणारी ओळखीची बाई, उचल देऊन सगळं कुटुंब कामावर बांधणारा मुकादम, जट बघून देवीचं नाव घेणारा आणि गप्प बसलेला बाप, हे चेहरे काढावेत. योसेफाचे भाऊ काढावेत, हातातल्या नाण्यांसकट. आणि खाली, लांबून वाचता येतील इतक्या मोठ्या अक्षरांत, मुलांसाठीचा हेल्पलाइन क्रमांक १०९८ आणि पोलिसांचा ११२ टाकावा.